हाकेला ओ

माझ्या धाकट्या बहिणीला मला सुधारायची फार हौस. दरवर्षी जानेवारीत धुकं जरा विरळ झालं की तिचा फोन येतो, "ताई, यार, घरात काय बसून राहिलीयस? चल, म्युझियम डे करू." मग मी द्वारकेहून मेट्रोच्या ब्लू लाइनने मंडी हाऊसला उतरायचं, ती नोएडाकडून यायची, आणि दिवसभर तिनं मला दिल्लीतली एकेक गॅलरी दाखवत हिंडवायचं. चित्र कसं बघायचं हेसुद्धा तीच शिकवते. दोन पावलं मागे होऊन, मान किंचित तिरकी करून उभं राहायला मी शिकले आहे. पाय दुखायला लागले की ही पोझ फार उपयोगी पडते. लोकांना वाटतं, बाई विचारात पडल्यात.

ती कलाकार आहे. पूर्वी चित्रं काढायची, मुनिरकात तिघी मुली एका खोलीत राहायच्या तेव्हा. आता ती 'इन्स्टॉलेशन' करते. म्हणजे खोलीत वस्तू मांडते, आवाज लावते, दिव्यांचे झोत सोडते, आणि लोक ते बघून गंभीर होतात. तिला बक्षिसं मिळतात, परदेशातून बोलावणी येतात. मी शाळेत गणित शिकवायचे. आईला पुण्याहून इकडे आणल्यावर ती नोकरी सोडली. कोणी सोडायला लावली असं नाही. पण दोघींपैकी कोणीतरी घरी राहणं भाग होतं, आणि कलाकाराला काम मधेच सोडता येत नाही, असं तेव्हा ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका.

आईचं डोकं हळूहळू तिला सोडून चाललं होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग पुण्याचं घर आठवेना, मग आम्ही दोघी कोण ते आठवेना. शेवटी तिच्याकडे एकच शब्द पक्का राहिला, ताई. घरात मला सगळे ताईच म्हणतात, आईसुद्धा. पाणी हवं असलं की ताई, कूस बदलायची असली की ताई, पडदा हलला तरी ताई. दिवसभर हाका चालायच्या. बहीण रविवारी यायची. येताना मिठाईचा डबा आणायची, आईला ती खाता यायची नाही. मग आईच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायची आणि फोनवर रेकॉर्डिंग करायची. "हे सगळं जपून ठेवायला हवं गं," असं म्हणायची. मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, हिलाही आत कुठेतरी तुटतंय.

आई गेली त्याला आता दोन वर्षं झाली. या जानेवारीत आम्ही आधी जनपथवरच्या मोठ्या संग्रहालयात गेलो. हडप्पाच्या दालनात एका मडक्यासमोर बहीण बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बघ ना ताई. हे वापरणारा हात आता नाही, म्हणून हे इतकं बोलतं."

"घासणारा हातही नाही," मी म्हटलं. "बुडाला केवढं काळं आहे बघ."

ती जोरात हसली. माझी असली वाक्यं तिला आवडतात. पुढे कुठल्यातरी मुलाखतीत ती वापरते, स्वतःचीच असल्यासारखी. एकदा मी ऐकलंय.

दुपारी इंडिया गेटकडच्या हिरवळीवर उन्हात बसून आम्ही शकरकंदीची, म्हणजे रताळ्याची, चाट खाल्ली. मला वाटलं, झालं आता, चार वाजता मेट्रो धरावी. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललेलं होतं. "अजून एक ठिकाण," ती म्हणाली. "तुझ्यासाठी सरप्राइज आहे. मुद्दामच सांगितलं नव्हतं. बिल्कुल काही विचारू नको." मला सरप्राइज आवडत नाहीत. आईच्या आजारपणात रोज एक मिळायचं, पोट भरलंय.

रिक्षा मंडी हाऊसच्या मागच्या एका गल्लीत थांबली. काचेचं दार, दाराशी गार्ड, आत पांढऱ्याफेक भिंती. दारातच बहिणीला तीन-चार जणांनी घेरलं, कोणी मिठी मारली, कोणी फोटो काढला. तिनं मला हातानंच खूण केली, "तू आत जा ना, मी आलेच."

मी आत गेले, आणि समोर आईची खाट.

पहिल्यांदा मला ती ओळखूच आली नाही, कारण तिच्याभोवती इतकी मोकळी जागा मी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे ती भिंतीला चिकटलेली असायची, एका बाजूला कपाट, पायथ्याशी डायपरची खोकी. इथे ती खोलीच्या मधोमध होती आणि वरून एकच दिवा तिच्यावर सोडला होता. खाटेवर आईचं फिकं जांभळं सुती पातळ पसरलेलं. शेजारच्या स्टुलावर तिचा स्टीलचा पेला, चष्मा, फणी. हे सगळं मीच दिलं होतं. तेराव्यानंतर बहीण म्हणाली होती, "ताई, तुझ्याकडे जागा नाही, मी ठेवते आईची आठवण म्हणून." पेला मी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता, वाटेत पोचा येऊ नये म्हणून. खाट टेम्पोत चढवताना रडलेही होते.

पातळाची चुणी पडली होती. ती सरळ करायला माझा हात आपोआप पुढे गेला.

"मॅडम, हाथ मत लगाइए," दारातला गार्ड म्हणाला.

मी हात मागे घेतला. त्याचं काय चुकलं? त्याला बिचाऱ्याला काय माहीत, या बाईनं हे पातळ किती वेळा धुतलंय ते.

भिंतीवर इंग्रजीत कलाकृतीचं नाव लिहिलं होतं. त्याचा अर्थ साधारण 'कोणी आहे का?' असा. खाली बहिणीचं नाव, तिची माहिती, आणि एक परिच्छेद: आई, विस्मरण, एकटेपणा, महानगर. त्याखाली खुंटीला हेडफोन टांगलेले. मी ते कानाला लावले.

आधी पंखा. आमचाच पंखा, तिसऱ्या वेगावर कुरकुरणारा. मग कुकरची शिट्टी, तीही माझ्याच कुकरची. आणि मग आई.

"ताई... ए ताई... पाणी दे गं."

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबले. दोन वर्षांनी तो आवाज ऐकत होते. मग शांतता. पुन्हा, "ताई..." पुन्हा शांतता. "कुठे गेलीस गं? ताई..." आवाज बारीक होत चाललेला. मी माझी वाट बघायला लागले. आता मी बोलेन, आता बोलेन. आमच्या घरात लहानपणापासूनचा नियम होता, हाक आली की आधी ओ द्यायची, मग हातातलं काम टाकायचं. मोठ्या माणसाला दुसरी हाक मारावी लागली की आई धपाटा घालायची. तिची ती शिस्त माझ्या अंगात मुरलेली. ती अंथरुणाला खिळली तेव्हाही तिच्या प्रत्येक हाकेला माझी ओ असायचीच, स्वयंपाकघरातून, मोरीतून, कुठूनही. "ओ, आले गं, जरा दम धर!" असं. कधी साधेपणानं, कधी वैतागून.

हेडफोनमध्ये ओ आलीच नाही. आई हाका मारत राहिली, मग नुसता पंखा, मग सगळं पहिल्यापासून सुरू. मी तीनदा ऐकलं. माझा आवाज तिनं काढून टाकला होता, भाजीतून मिरची वेचून काढावी तसा, नेमका.

आणि मग मला तो रविवार आठवला. मी पेला भरून निघाले होते आणि बहिणीनं स्वयंपाकघराच्या दारात माझं मनगट धरलं होतं. एका हातात तिचा फोन. "एकच मिनिट, ताई," ती कुजबुजली होती. "आत्ता जाऊ नको. अजून एकदा हाक मारू दे." मला वाटलं, आठवण म्हणून हवंय तिला. मी पाणी घेऊन तिथेच उभी राहिले. खाटेवर आई हाका मारत होती, आणि बहिणीचे डोळे खरंच भरून आले होते. फोन मात्र तिनं हलू दिला नाही.

माझ्या शेजारी एक तरुण मुलगी दुसरा हेडफोन कानाला लावून उभी होती. तिनं तो काढला, नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आंटी, सुना आपने? कोई आता ही नहीं. इतनी बार बुला रही हैं बेचारी."

मी हेडफोन खुंटीला परत अडकवले.

"घर में कोई न कोई तो होगा," ती पुढे म्हणाली. "लोग कैसे होते हैं न!"

"मैं थी," मी म्हटलं. "घर में मैं थी."

तिला सांगायचं होतं की मी होते आणि मी जात होते, रोज, प्रत्येक वेळी. पण हिंदीत तेवढंच तोंडातून निघालं. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग ती दोन पावलं मागे सरकली, 'सॉरी' म्हणाली आणि दुसऱ्या दालनात निघून गेली. जाताना तिनं तिच्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघींनी वळून पाहिलं.

मला राग आला. रडू वगैरे नाही, निव्वळ राग, कानशिलं तापवणारा. मी बहिणीला दंडाला धरून बाहेर पायऱ्यांवर आणलं.

"माझा आवाज कुठे गेला?" मी विचारलं.

तिला कळलं लगेच. तिनं आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना. मग मला समजावायच्या सुरात म्हणाली, "ताई, ऐक ना. तुझ्यासाठीच काढला. तू कशी बोलायचीस ते तू ऐकलेलं नाहीस. केवढं खेकसायचीस! लोकांनी तुलाच नावं ठेवली असती."

"खेकसत गेले," मी म्हटलं, "पण गेले ना? तू काय केलंस?"

"ते मान्यच आहे मला. तू किती केलंस हे मला माहितीये. पण अच्छा, आर्ट म्हणून बघ एकदा. हाकेला उत्तर आलं की सगळं संपतं. मग काही उरतच नाही."

"आईचंही संपायचं," मी म्हटलं. "पाणी मिळालं की ती गप्प झोपायची. तेवढंच हवं असायचं तिला."

ती जमिनीकडे बघत राहिली. क्षणभर मला वाटलं, लागलं हिला. मग तिनं मान वर केली. डोळ्यांत तीच चमक, मडक्यासमोर आली होती ती. "ताई, हे जे तू आत्ता बोललीस ना," ती म्हणाली, "हे किती सुंदर आहे."

मी तिला म्हटलं, माझी ओ परत लाव. खेकसलेली लाव, जशी आहे तशी. नाहीतर आईची खाट मला परत दे. ती म्हणाली, आता काहीच बदलता येणार नाही, प्रदर्शन इथून पुढे दुसऱ्या शहरात जाणार आहे, पण आभाराच्या पाटीवर ती माझं नाव नक्की घालेल. मी तिथून तडक मेट्रो स्टेशन गाठलं. द्वारकेपर्यंत बसायला जागा मिळाली नाही. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणून जरा रडून घेतलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सोडून दे, तिचं कामच तसं आहे. सोडून दिलं असतं. पण मग बहिणीनं त्या खोलीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, आवाजासकट. खाली अंगठे, हात जोडलेले, रडणारे चेहरे. पुण्याच्या मामेभावानं लिहिलं, तुझ्यामुळे आत्या अमर झाली. माझ्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं, बरं नाही की वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात ती महिनाभर आमच्याकडे राहून गेली होती. मी आईला भरवताना, पुसताना, उठवताना तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली होती, पोटच्या मुलीही एवढं करत नाहीत, ते तू केलंस. म्हणून तिचा फोन आला तेव्हा मला धीर आला. वाटलं, ही तरी बोलेल.

मावशी रडत होती. "काय गं तो आवाज," ती म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एवढ्या हाका मारत होती माझी बहीण, तेव्हा घरात कोणीच नसायचं का गं?"

"कोणी नसतं तर रेकॉर्डिंग कोणी केलं, मावशी?"

पलीकडे तिनं नाक शिंकरलं. मग ती म्हणाली, "तुझं आपलं तिच्याबद्दल नेहमीचंच." मी फोन ठेवणार एवढ्यात तिचा आवाज पुन्हा आला, जरा दबका, चाचरत.

"पण पाणी दिलं होतंस ना गं तिला, नंतर तरी?"