आईचे बर्फातले बूट

आई पहिल्यांदा माझ्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आली, तेव्हा मीच तिला आतून लोकर लावलेले बूट घेऊन दिले. दुकानातल्या बाई एक माप मोठं घ्या म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. ढगळ बुटांत आई बर्फावर घसरेल, ही माझी अक्कल. आई म्हणाली, “बसतात गं.”

दुसऱ्या दिवशी तिला ट्रॅमच्या थांब्यापर्यंतही चालवेना. “एवढे चांगले बूट, आणि काय नाटकं तुझी!” मी भर रस्त्यात खेकसले. घरी आल्यावर मोजे काढले, तर अंगठ्याशेजारचं बोट सुजून निळं पडलेलं आणि चांदीचं जोडवं मांसात रुतलेलं.

“आधी ती जोडवी काढ.”

“तुझे बाबा पुण्यात धडधाकट आहेत. भलतंसलतं बोलू नकोस.”

मग हिवाळाभर ती माझे जुने, मोठे बूट घालून फिरली.

पुढच्या डिसेंबरात आई पुन्हा आली, बाबा गेल्यानंतर. मी माझे मोठे बूट तिच्यापुढे ठेवले. तिने कपाटातून स्वतःचे काढले, पाय घातले आणि दारात जाऊन उभी राहिली.

“आता नीट बसतात,” ती म्हणाली.