वर बाळंतीण हाय

"लावू नगा. वर बाळंतीण हाय."

पंख्याच्या बटणाकडे कुणाचा हात गेला की मामा एवढंच म्हणायचे. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही ओळखीत असेलच.

मिरजेत आमच्या दवाखान्याच्या आवारात छोटं चर्च आहे. मामा तिथली झाडलोट करायचे, घंटा वाजवायचे. मूळचे आटपाडीकडचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. चर्चमागच्या एका खोलीत त्यांचा सगळा संसार.

दर उन्हाळ्यात वेदीवरच्या पंख्याच्या वाटीत चिमणी घरटं करायची. काड्या दिसल्या की मामा वॉर्डात माझ्यापुढे हजर. "सिस्टर, चिकटपट्टी द्या बोटभर." ती पट्टी ते पंख्याच्या बटणावर आडवी लावायचे. मग पिल्लं उडेपर्यंत उपदेश करताना चर्चचे पाळकसाहेब झग्यात घामाघूम.

"अहो मामा, माणसं शिजतायत इथं!"

"शिजू द्या की. चिमणीला देवाच्या वेदीपाशी घर गावलं, आसं शास्त्रात हाय. तुमीच वाचता न्हवं?"

पाळकसाहेब रुमालानं मान पुसत पुन्हा वेदीकडे वळायचे.

गेल्या मे महिन्यात चर्चच्या पंचांची सभा झाली. मामांचे गुडघे गेले होते, घंटेची दोरी ओढवत नव्हती. नवा माणूस ठेवायचा आणि खोली त्याला द्यायची, असं ठरलं. मामांनी जायचं कुठं, हे कुणी विचारलं नाही. मीही पंचांत होते. मीही हात वर केला. त्याची लाज अजून जात नाही.

मामा म्हणाले, "घ्या की खोली. देवाचीच हाय ती. फकस्त पिल्लं उडंस्तवर बटनाला हात लावू नगा."

त्या रविवारी भक्तीला नेमकं तेच स्तोत्र आलं. चिमणीला घर मिळालं, त्या ओळीवर पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या बाकावरून मामांचं "आमेन" आलं, नेहमीसारखं खणखणीत. टोमणा नव्हता हो त्यात. असता तर बरं झालं असतं.

भक्ती सुटल्यावर आम्ही पंच तिथंच पुन्हा जमलो. ठराव मोडायचा ठरला, तोवर मामा पिशवी घेऊन एसटीनं पुतण्याकडे गेले होते. आणायला जाऊ, जाऊ म्हणता पावसाळा लागला, आणि मामा वारल्याचा निरोप आला.

यंदा चिमणी परत आली. मी वॉर्डातून बोटभर चिकटपट्टी घेऊन गेले. बटणावर मामांची जुनी पट्टी तशीच होती, कडांना काळी पडलेली.

वर्षभर कुणी पंखा लावलाच नव्हता.