माझ्या बायकोचे सरदार

आमच्या मलकापुरातल्या शेजारच्या सुभेदारांएवढा सभ्य माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि दुसऱ्या कुणावर इतका जळलोही नाही. दुसरी मोठी लढाई संपल्यावर ते इटलीहून पेन्शनीवर परतले ते एक खूळ घेऊनच. तिथे इस्पितळात जखमी पाय बरा होईपर्यंत एका म्हाताऱ्या पाद्र्याने त्यांना जुन्या काळच्या सरदारांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. हे सरदार म्हणे मनाने एखादी बाई निवडायचे, तिच्या नावाने पराक्रम करायचे आणि बदल्यात काही म्हणजे काही मागायचे नाहीत. विधुर सुभेदारांना हे भलतेच पटले. त्यांनी निवडले माझ्या बायकोला, आणि तसे घरी येऊन, बूट काढून, ताठ उभे राहून मलाच सांगितले.

"अहो, ती माझी बायको आहे!" मी ओरडलो.

"व्हय की मास्तर. बाई दुसऱ्याचीच लागती. तसा नियमच हाय."

रोज सकाळी ती पाण्याला निघाली की सुभेदार आपल्या दारात कडक सलाम ठोकत, नजर मात्र जमिनीवर. पन्नाशीत ते जत्रेत तिच्या नावाने कुस्तीला उतरले, घटकेत चीत झाले आणि पाठीची माती न झाडता आमच्या दारी आले. "वैनी, पडलो. पर तुमच्या नावानं पडलो!" ती पदर तोंडाला लावून हसली. अकरा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. संध्याकाळी मी कराडला जाऊन गजरा आणला. तिने विचारले, "आज काय हाय?"

पुढच्या उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले, बर्फ मिळाला तर बरे. तो कुठून आणावा या काळजीत मी डोके धरून बसलो, आणि सुभेदार सायकलीवर टांग टाकून सांगलीच्या बर्फ कारखान्याकडे गेलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तेव्हा भुशाचे पोते ओलेचिंब झालेले, आत लिंबाएवढा खडा उरलेला.

"तुमीच ठेवा मास्तर. मी आत येनार न्हाई."

मी तो तिच्या कपाळावर धरला. तिने डोळे उघडले. "कुणी आणला?"

"मीच," मी म्हणालो.

बाहेर सुभेदारांनी ते ऐकले. ते सायकल हातात धरून निघून गेले.

ती बरी झाली. वर्षभराने सुभेदार कायमचे विट्याला मुलीकडे राहायला निघाले. टांगा हलला तेव्हा माझ्याने राहवेना. "तो बर्फ त्यांनी आणला होता," मी तिला म्हणालो.

"ठाऊक हाय. दारात सायकल वाजली हुती. तुमाला सायकल कुठं येती?" मग हळूच, "पर तुमी खोटं बोललात तवा लय बरं वाटलं."

टांगा वळणाआड गेला, तरी आम्ही दोघेही तिकडेच पाहत उभे होतो.