बाहुलीचा ब्लाउज

जमिला सिस्टर गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. जोडलेल्या हातांच्या चित्रांखाली मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'आपल्या मुलांची माउली हरपली.' वाचून रडू यायला हवं होतं. आली ती चीड. या माउलीच्या बाहुलीला अश्लील म्हणणारे हेच… आणि मान डोलावून त्यांचं ऐकणारा मी.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. घर आमच्या उचगावातच, नवऱ्याचं गाद्यांचं दुकान. एका शनिवारी काखेत माणसाएवढी कापडी बाहुली घेऊन त्या मी शिकवत असलेल्या नववीच्या वर्गात आल्या. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला कसं जगवायचं, तो सीपीआर त्यांना पोरांना शिकवायचा होता. विकतची बाहुली शाळेला परवडत नव्हती. म्हणून दुकानातला जुना कापूस, गादीचं कापड आणि छातीत पाण्याची रिकामी बाटली. "बाटली कडकडली पायजे," त्या ओरडायच्या. "न्हायतर तुमी माणूस वाचवत न्हाईसा, नुसतं कुरवाळतायसा!" पोरं हसायची, पण घाम गाळून दाबायची.

पुढच्या महिन्यात त्याच बाहुलीच्या अंगात ब्लाउज होता. सिस्टरांच्या नोकरीतला, पांढरा, खांद्यावर औषधाचा पिवळा डाग पडलेला. मी चपापलो. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "माझी थोरली बहीण पेठ वडगावच्या बाजारात पडली, सर. वीस बापय गडी भवतीनं हुतं. एकानं कांदा हुंगवला, एकानं पाणी मारलं. मी पोचल्यावर एकजण म्हणतोय, बाईमाणसाच्या छातीला हात कसा लावायचा?… माझी आपा लाजंनं मेली, सर. तिच्या न्हाय, त्यांच्या."

दोन पालकांचे फोन आले आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. शाळेत हे चाळे नकोत, म्हणाले. मी भांडायला हवं होतं. आपाची गोष्ट तरी सांगायला हवी होती. मी 'बरं सर' म्हणालो, ब्लाउज काढून टेबलाच्या खणात कोंबला आणि बाहुलीला माझा जुना शर्ट चढवला. शनिवारी सिस्टरांनी त्या शर्टाकडे बघितलं. "ह्याला काय, कोणबी वाचवंल," एवढंच म्हणाल्या. तास मात्र पुरा घेतला. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या, येणं थांबलं, आणि बाहुली खेळाच्या खोलीत चेंडूंखाली पडली. आजारपणात मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी पोरांची चौकशी केली, शर्टाचं नाव काढलं नाही.

शोकसभेत निःस्वार्थ सेवेवर भाषणं झाली. मुख्याध्यापकांचं तर सगळ्यांत लांबलं. मीही बोललो, छान बोललो, टाळ्या पडता पडता राहिल्या. ब्लाउजबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. कुणाकुणावर चिडायचं याचा विचार करत बसलो आणि दर वेळी माझ्यापाशीच येऊन थांबलो.

गेल्या शनिवारी बाहुली बाहेर काढली. धूळ झटकली, माझा शर्ट ओरबाडून काढला आणि खणातला ब्लाउज चढवून बटणं लावली. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. राहू देत. वर्गातला सगळ्यांत दांडगा पोरगा, तालमीत जाणारा, पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याचे हात हवेतच थांबले.

"सर… बाई हाय की."

"व्हय, बाईच हाय," मी म्हणालो. "मरायला लागलीय. दाब."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग पांढऱ्या बटणांवर दोन्ही तळवे ठेवले, आणि बाटली कडकडली.