मदाम फॉर्तुनेचा चहा

वगीह नखला आयुष्यात फारसं खोटं बोलला नसेल. ती दोन वर्षं सोडली तर. कैरोहून तेल अवीवला जाणारी नवी विमान कंपनी निघाली आणि हा तिच्या तिकीट खिडकीवर लागला. शेजाऱ्यांना मात्र सांगायचा, ग्रीक कंपनीत आहे. करतो काय? त्या देशाशी चार लढाया झालेल्या, कोणाचा भाऊ गेलेला, कोणाचा मुलगा.

एका सकाळी मदाम फॉर्तुने परतीचं तिकीट पक्कं करायला आली. सत्तरीची यहुदी बाई, पण अरबी अस्सल कैरोची.

"इथेच, दाहेर मोहल्ल्यात राहायचो आम्ही," ती म्हणाली. "चर्चमागची इमारत, तिसरा मजला. छप्पनच्या लढाईत यहुद्यांना हाकललं, आठ दिवसांत निघावं लागलं. काल जाऊन आले, पण जिन्यापर्यंतच. लोकांच्या दारात असं कसं उभं राहायचं?"

त्या घरात आता वगीहच राहत होता.

"माझंच घर ते, मदाम," तो बोलून गेला. "या ना चहाला."

"छे रे बाबा, तुला कशाला उगाच त्रास."

आता कैरोत पहिलं 'नको' कोणी धरतं का? देवाशपथ या म्हणायचं, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्या शपथेला उठायचं. शेंबड्या पोरालाही कळतं हे. म्हातारी पर्सचा खटका उघडत-मिटत थांबली होती. आणि या शहाण्याच्या डोळ्यांपुढे इमारतीखालचा इस्त्रीवाला आला, ज्याचा मुलगा कालव्यावरच्या लढाईत गेला होता. वगीहनं शपथ न घालताच तिकीट पुढे सरकवलं. ती गेली.

नंतर प्रत्येक विमानाच्या यादीत तो तिचं नाव शोधायचा. या वेळी पाय धरून नेईन, असं बायकोला म्हणायचा. नाव आलं नाही आणि कंपनीच बंद व्हायची वेळ आली.

शेवटच्या विमानाच्या दिवशी एक बाई खिडकीशी आली.

"तुम्हीच वगीह ना? मी फॉर्तुनेची मुलगी. आई हिवाळ्यात गेली. सगळ्यांना सांगायची, तुम्ही तीनदा शपथ घातलीत, हाताला धरून घरी नेलंत, चहा पाजलात. म्हटलं, निघण्याआधी आभार मानावेत."

वगीहला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण खरं सांगावं तर आई खोटी पडत होती.

"आवडला होता का त्यांना चहा?" त्यानं विचारलं.

"साखर जास्त होती म्हणायची."

"हो," वगीह म्हणाला, "बायकोचा हात जरा सैलच आहे."