बुधवारची बंद खोली

मुलगी दहावीत असताना मिटत गेली. शाळा सुटली, जेवण तुटलं, दिवसभर भिंतीकडे तोंड. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आमच्याकडच्या प्रतापगडच्या दर्ग्यावर नेऊन आणलं. फरक नाही. मग कळलं, देवरीच्या सरकारी दवाखान्यात दर बुधवारी एक समुपदेशक ताई बसते, वयात येणाऱ्या मुलामुलींशी बोलते. मी तिला तिथे नेऊ लागलो.

दार बंद व्हायचं, मी बाहेर बाकावर. काही खेपांनंतर आतून हसणं ऐकू आलं. माझ्याच मुलीचं. आनंद व्हायला हवा होता, आतून जळलो. खांद्यावर बसवून बाजार दाखवला मी, आणि कालची बाई हिला हसवते?

परतीच्या बसमध्ये विचारलं, "काय बोलली?"

"काई नाई."

नंतरच्या खेपेला ताईलाही विचारलं. "ते तिचं आहे, सर," ती म्हणाली. शाळेत शिकवताना दिवसभर ऐकतो तेच 'सर' मला चपराकीसारखं लागलं.

पुढच्या बुधवारी मी मुलीला सांगितलं, ताईची बदली झाली. त्या रात्री तिचं ताट तसंच परत आलं, दुसऱ्या दिवशीही.

बायको चिडली. "बदली झाली म्हणता, तं दुसरी कोणी येत असंल ना? का सारा दवाखानाच उठून गेला?" मी चपला घालू लागलो. "जाऊ द्या. पोरीले मोह वेचाले तरी न्या. घरात कुजून राहिली."

आमच्या बांधावरच्या मोहाखाली पाचोळा जाळून जमीन साफ केलेली होती. पहाटे फुलं टपटपत होती. मोह वेचताना कोणी कोणाकडे बघत नाही. नजर जमिनीवर, हात टोपलीत. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "बाबा, ताई मधात बोलत नाई. तुम्ही माह्यं आयकाच्या आधीच उत्तर देता. वर्गात देता तसं."

उत्तर तोंडाशी आलंच होतं. गिळलं.

मग म्हणालो, "ताईची बदली नाई झाली. मी खोटं बोललो."

"कायले?"

"ती तुले हसवते. मले नाई जमत."

ती टोपली उचलून झाडाच्या पलीकडे गेली. पाठमोरीच म्हणाली, "उद्या बुधवार हाय."

बुधवारी दार बंद झालं. आतून पुन्हा हसू आलं. जळजळ झालीच. मी उठलो आणि फाटकाजवळच्या लांबच्या बाकावर जाऊन बसलो.