बटणाच्या चित्रातलं दही

आमच्या नवा रायपूरच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मी तयार केली, आणि 'जतन करा' बटणाच्या चित्रावर बायकोचा सकाळचा मेसेज छापून आला: "येतानी दही आणा." माझा पायथनचा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा बटणापुरता तुकडा टिपायचा, आणि त्या क्षणी त्यावर एखादा मेसेज उगवला तर तोही चित्रात यायचा.

साहेब म्हणाले, "भैया, उद्या मीटिंगमध्ये हे दही वाटायचं काय?"

"हव साहेब, आजच निस्तरतो," मी छातीठोकपणे सांगितलं. मग मी प्रोग्राम बदलला; तो स्क्रीनऐवजी थेट बटणाकडूनच त्याचं चित्र घेऊ लागला. वर कितीही मेसेज आले, तरी चित्र स्वच्छ! संध्याकाळपर्यंत पुस्तिका पुन्हा छापून तयार.

घरी मी सगळं रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, "छापलं तुम्ही, खोडलंही तुम्हीच. मग दही काहून नाही आणलं?"